धाकटीच्या नावानं

आमचा पाडा साखरशेतच्या पुढं. रस्ता सोडून खाली उतरलं का ओहोळ, ओहोळ ओलांडून वर चढलं का पंचवीस-तीस घरं, आता काही विटांची झालीत पण मी जन्मले तवा सगळी कुडाची, शेणानं सारवलेली. भात आणि नागली, तुमी नाचणी बोलता ती, आणि पाऊस सरला का दुसरं काय नाय. माझा बा लय उंच होता, दारातनं वाकून यायचा, आय त्याच्या खांद्यालाही लागायची नाय, आणि आमी तीन पोरं, थोरली मी, माझ्यामागं साडेतीन वर्षांनी धाकटी, तिच्या पाठीवर भाऊ. काय सांगू तुमाला ताई, तुमी वही काढून बसलाय, तुमाला बास्केटबॉलचं पायजे, डोंगरातली पोरगी टीमची कॅप्टन कशी झाली ते पायजे, ते सांगते मी, पण ते जिथनं सुरू होतं तिथनंच सांगायला लागंल, आणि ते खोटं बोलण्यापासनं सुरू होतं. माझं घरचं नाव जयवंती. तुमी मला सुनंदा म्हणून ओळखता, जर्सीच्या पाठीवर सुनंदा, पेपरात सुनंदा, ऑफिसच्या ओळखपत्रावर सुनंदा. सुनंदा माझी धाकटी बहीण. अशा बघू नका, लिहा, मी शुद्धीत आहे.

दिवाळी झाली का आमच्याकडची माणसं जगायला जातात. कामाला जातात असं बोलत नाय आमच्यात, जगायला जातात असंच बोलतात, लहानपणी मला वाटायचं सगळ्या दुनियेत असंच बोलत असतील. वसईकडं, भिवंडीकडं वीटभट्टीवर. ट्रक येतो, त्यात भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं चढवायचं, होळीपुरतं घरी यायचं आणि परत जायचं ते पाऊस लागेस्तोवर. मी पाड्यातल्या शाळेत दोन वर्षं गेले, मंग भाऊ झाला आणि त्याला भट्टीवर सांभाळायला कुणीतरी पायजे म्हणून माझी शाळा सुटली. धाकटीला मात्र बानं आश्रमशाळेत घातली, राहायची शाळा, खायला तिथंच. कुठली ते लिहू नका. तिथं गुरुजींनी तिचे दात बघितले, उंची बघितली, सहा वर्षं धरली आणि तारीख टाकली एक जून. माझी पण पाड्यातल्या शाळेत एक जूनच होती, साल तेवढं आधीचं. आमच्या आख्ख्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, हसा, हसण्यासारखंच आहे ते.

धाकटी पावसाळाभर त्या शाळेत राहिली आणि दिवाळीला घरी आली ती तापानं फणफणत. सुट्टी संपली तरी ताप जाईना. ती गोधडीत पडल्या पडल्या मला सांगायची, तिथं दोन टाइम गरम मिळतं, डाळ मिळते, रविवारी गोड असतं, आणि मी ऐकत बसायची, मला त्या डाळीचा वासच यायचा. दोन दिवसांत ट्रक येणार होता. त्या सकाळी एक सर आले, नवीन बदलून आलेले, पट पुरा करायला पाड्या-पाड्यात फिरत होते, हातात यादी, पोरांची तोंडं काय त्यांना ओळखू येत नव्हती. बोलले, सुनंदा कोण? धाकटी आत झोपलेली. मी दारात उभी, कडेवर भाऊ. आणि मी बोलले, मी.

कुणी शिकवलं नाय मला ते, कुणी ढकललं नाय. पोटानंच बोलले म्हणा. बानं माझ्याकडं बघितलं, लय वेळ बघितलं, मंग तंबाखू चोळत बोलला, हां, हीच. त्याला आजारी पोर धाडायची नव्हती, आणि नाय बोललं तर सर परत परत येणार, चौकशी होणार, त्याचं ते गणित. सर बोलले, सहाच्या मानानं लय थोराड आहे हो. बा बोलला, माझ्यावर गेलीय. मी आत गेले, भाऊला धाकटीच्या शेजारी ठेवला, तिचा शाळेचा फ्रॉक खुंटीवरनं काढला. ती जागी झाली, बोलली, बाय, कुठं चाललीस? थोरल्या बहिणीला बायच बोलतो आमी. मी बोलले, येते. दहा वर्षांची होते मी ताई, अगदीच काय कळत नव्हतं असं नाय.

शाळेत जुने गुरुजी बदलून गेलेले, आणि पहिलीच्या पोरींना सुट्टीवरनं सुनंदा म्हणून कोण आली ह्याचं काय पडलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं होळीपर्यंतची गोष्ट आहे. होळीला मी घरी आले तर धाकटीनं केस विंचरून ठेवलेले, पिशवी भरून ठेवलेली, माझ्याऐवजी आता ती जाणार म्हणून. भट्टीवर चार महिने भावाला सांभाळून, कच्च्या विटा पालट्या करून तिची बोटं फुटलेली. आणि मी काय बोलले, आता मला वाचता येतं, तुला येत नाय, सर तुला विचारतील आणि सगळ्यांना मार पडंल. माझी जीभ तेव्हापासनंच तिखट. ती रडली नाय, पिशवी रिकामी करायला लागली. पुढच्या वर्षी तिनं पिशवी भरली नाय. तिला शाळा हवी असंल का म्हणून पुन्हा कुणी विचारलंच नाय, आणि माझा जो पाड्यातल्या शाळेचा दाखला होता, जयवंतीचा, तो बानं पत्र्याच्या पेटीत ठेवला, घरात जी पोरगी उरली तिचा म्हणून.

आता तुमचा बास्केटबॉल. पाचवीत असताना आमच्या शाळेत खेळाचे सर आले, नाशिककडनं, स्वतः खेळलेले. आमचं मैदान म्हंजे मुरमाचा उतार. सरांनी सागाचा एक दांडा पुरला, वर लोखंडी रिंग बांधली, बोर्ड नाय, फळी लावली होती ती पहिल्याच वाऱ्यात गेली. नेम चुकला का बॉल जायचा खाली ओहोळात आणि जिचा चुकला तिनंच आणायचा. म्हणून माझा नेम चांगला झाला, चढून यायचा कंटाळा म्हणून. आज पण मी बोर्डाला मारून बास्केट करत नाय, सरळ रिंगमधे टाकते, बघणाऱ्यांना वाटतं काय स्टाइल आहे. सर माझ्याकडं बघून वेडे व्हायचे बाकी होते. बोलायचे, साडेदहा वर्षांची पोर आणि ही उंची, हा खांदा, ही ताकद, देवानं घडवून पाठवलीय. मी चौदा वर्षांची होते. देवानं काय वेगळं केलेलं नव्हतं.

तिथनं मी चौदाच्या आतल्या स्पर्धांना जायला लागले, तालुका, जिल्हा, विभाग. समोरच्या पोरी माझ्या छातीला लागायच्या. एकदा एक बारकी पोरगी होती समोर, चष्म्याला मागनं दोरी बांधलेली, लय हुशार खेळायची, माझ्या बगलेतनं निसटायची. मी तिला तीन-चारदा अशी आडवी पाडली का ती उठून रडायलाच लागली, आणि तिची आई बाकावरनं ओरडली का ही मुलगी चौदाच्या आतली नाहीच. आमचे सर हसले, बोलले, बाई, आदिवासी पोरी आहेत, डोंगरातलं पाणी आहे. सगळे हसले, मी पण हसले. सरांना खरंच माहीत नव्हतं, त्यांच्यावर आळ घेऊ नका. पण ती बाई एकटीच बरोबर होती आणि तिला गप्प बसवलं. पुढं मनगटाचा एक्स-रे काढून वय बघायला लागले, तोवर मी मोठ्यांच्या टीममधे गेलेले. वाचले म्हणायचं का काय म्हणायचं.

मला विचारतात मुलाखतीत, तुमच्या ताकदीचं रहस्य काय. मी सांगते, नागलीची भाकर. टाळ्या पडतात. खरं सांगायचं तर साडेतीन वर्षं. ती काय माझी नव्हती, धाकटीची होती.

सातवीनंतर मला शहरात खेळाच्या वसतिगृहात घेतलं, तिथं खरा खेळ शिकले. मी मधली खेळाडू, रिंगखाली उभी राहणारी. लोकांना वाटतं उंच आहे म्हंजे उडी मारून बॉल घेते. उडीचं काय नाय त्यात. बॉल रिंगवर आपटायच्या आधीच जागा धरायची असते, समोरचीला पाठ लावायची, ढुंगण खाली, पाय फाकून, आणि तिला आपल्या मागं दाबून ठेवायची, ती कितीही उंच असू दे, बॉल आपल्याच हातात पडतो. मला हे कुणाला शिकवायला लागलं नाय, कोच बोलायचे हिला उपजतच येतं. मी मनात बोलायची, येणारच.

मी नववीत असताना, म्हंजे कागदावर पंधरा आणि खरी साडेअठरा, मे महिन्याच्या सुट्टीत घरी गेले तर धाकटीचं लग्न ठरलेलं. पोरगा मोखाड्याच्या बाजूचा, वीटभट्टीवरच ओळख झालेली माणसं, चांगली माणसं होती, तो आजही चांगला आहे, त्याच्याबद्दल काय वाईट लिहू नका. पण ती पंधरा वर्षांची होती. आदल्या दिवशी ती माझ्याबरोबर पाण्याला आली, हंडा खाली ठेवला आणि बोलली, बाय, माझं आताच नको, एक-दोन वर्षं जाऊ दे, तू शिकलेली आहेस, बा तुझं ऐकतो, तू सांग. मी बोलले, सांगते. खरंच सांगणार होते. रात गेली, मी नाय सांगितलं, बा मांडवाच्या लाकडांत होता, आय तांदूळ निवडत होती, लग्न लावायला धवलेरी सांगून झालेली, आमच्यात बाईच लग्न लावते, तिला धवलेरी बोलतात. सगळं पुढं गेलेलं होतं, मी वाट बघत राहिले का बोलायला जागा मिळंल.

जागा मिळाली ताई. दुपारी आमच्या पाड्यातल्या अंगणवाडीच्या ताई आल्या, बाहेरगावच्या, नवीनच लागलेल्या, ओट्यावर बसल्या, बोलल्या, ही पोरगी मला अठराची दिसत नाय. बानं पेटीतनं दाखला काढून दिला, जयवंती, एक जून, साल बरोबर, अठरा पुरी. ताईंनी तो नीट वाचला आणि बाजूला ठेवला. मंग माझ्याकडं बघितलं. धाकटी माझ्या मागं उभी होती, माझ्या टी-शर्टाचं टोक तिनं मुठीत धरलेलं. ताई मला बोलल्या, सुनंदा, तू शिकतेस, शहरात राहतेस, तू खोटं नाय बोलणार, सांग, ही अठराची आहे का?

आठ दिवसांनी माझा कॅम्प होता, सोळाच्या आतली राज्याची टीम, यादीत माझं नाव पहिलं. नाय बोलले असते तर त्यांनी विचारलं असतं मंग हा दाखला कुणाचा, आणि दाखला माझा होता. हे सगळं माझ्या डोक्यातनं कितीसं झरझर गेलं असंल, पण गेलं, म्हंजे मी विचार करून बोलले. मी बोलले, होय ताई, ही माझ्याहून मोठी आहे.

मागची मूठ सुटली. एवढंच मला कळलं. ताई उठल्या, दाखला बाच्या हातात दिला, बोलल्या, बरं बाबा. त्यांनी धाकटीला काय विचारलं नाय. मी मागं वळून बघितलं तवा ती आत गेलेली होती, आणि लग्नात हळद लावताना मी तिच्या तोंडाला हात लावला तर तिनं डोळे मिटून घेतले. मी कॅम्पला वेळेवर पोचले.

पुढच्या पावसात तिचे दिवस भरत आले. त्यांच्या पाड्याला तवा रस्ता नव्हता, झोळी करून चार माणसांनी तिला रस्त्यापर्यंत आणायला घेतली, आणि वाटेतच बाळ झालं, ते रडलंच नाय. ती वाचली. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी तिला वाचवली, आणि तिच्या सासूला रागं भरली का हिचं अंग अजून लहान आहे, कागदावर काय पण असू दे. हे मला आयनं सांगितलं, मी स्पर्धेवरनं आल्यावर, गळ्यात मेडल घालून घरी आलेले मी, बाला दाखवायला. ते मेडल काढून कुठं ठेवू असं झालं मला. शेवटी तांदळाच्या कणगीमागं सरकवलं, अजून तिथंच असंल.

मंग नोकरी लागली, खेळाच्या कोट्यातनं, खात्याच्या टीममधे. खेळायचाच पगार, सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसात नावाला बसायचं. बारा वर्षं खेळते मी. देश बघितला, विमानात बसले, बा जायच्या आधी त्याला पक्क्या घरात झोपवला, खेळानं मला सगळं दिलं, मी खेळाला नावं ठेवणार नाय. पण खेळताना पण ते सुटत नाय. माझा हात दुसरीला लागला आणि रेफरीनं बघितलं नाय तर मी स्वतः जाऊन सांगते, माझा हात लागला. आमच्या पोरी चिडतात, दीदी, तुमी कुणाच्या टीममधे आहात. पेपरात आलं का खिलाडूवृत्ती. कसली खिलाडूवृत्ती, बारीक बारीक खरं बोलून घेते, मोठं तसंच पडलेलं. गुडघे गेलेत आता माझे. डॉक्टर फोटो बघून बोलले, बत्तीसच्या मानानं लय झिजलेत. मी बोलले, हो का.

आणि धाकटी. तिला पुढं दोन पोरं झाली, पोरगी आणि पोरगा, आणि पोरं शाळेत जायला लागल्यावर तिनं काय केलं माहीताय, पोरीची पुस्तकं घेऊन स्वतः बसली. बाहेरनं दहावी दिली, एकदा गणितात गेली, परत दिली, मंग बारावी दिली. मला कुणाकडनं तरी कळलं, तिनं सांगितलं नाय. मी पुस्तकं धाडली तर तिनं निरोप धाडला, मिळाली.

गेल्या साली तिचा फोन आला. ती कधी आपणहून फोन करत नाय, मी दचकलेच. बोलली, आमच्या पाड्याच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघालीय, बारावी पायजे, ती आहे माझ्याकडं, पण वय पस्तीसच्या आत पायजे. कागदावर तिला साडेपस्तीस होत होती, जयवंतीची, म्हंजे माझी. खरी ती बत्तीस. तिनं मोखाड्याला कुणाकुणाला विचारलेलं, तर तारीख दुरुस्त होते, आयचा अंगठा चालंल, पण दुसऱ्या बहिणीची पण सही लागंल का हीच धाकटी, आणि मी थोरली. बोलली, तुझी एक सही लागते. आणि बोलली, मला ती जागा पायजे, मी लग्नाच्या पोरींची वयं विचारत फिरीन, आणि घरच्या माणसांना नाय विचारणार, पोरीलाच विचारीन.

मी काय बोलले? मी बोलले, बघते.

आमच्यात बघते बोललं का समोरच्याला कळतं. तिला पण कळलं असंल, तरी ती बोलली, महिनाअखेरपर्यंत आहे मुदत. ती सही दिली का मी कोण ते उघडं पडणार, नोकरी जाणार, लहानपणीची सगळी मेडलं जाणार, टीमचं नाव जाणार, आणि महिन्याच्या मधेच आमची मोठी स्पर्धा होती. मी स्वतःला बोलले, स्पर्धा होऊ दे, टीमला मधेच कशाला सोडू, पोरींचा काय दोष. किती चांगली कारणं सुचतात बघा माणसाला. स्पर्धा झाली, आमी जिंकलो, फायनलला मी जन्मात खेळले नाय असं खेळले. तिथनं सत्कार, तिथनं ऑफिसात सत्कार. मी जाईन जाईन करत राहिले आणि मुदत कधी गेली ते मला बरोबर माहीत होतं, तरी गेल्यावर मी कॅलेंडर बघितलं, जसं काय चुकून राहिलं. ती जागा खालच्या पाड्यातल्या एका पोरीला मिळाली. चांगली आहे म्हणतात पोरगी.

मंग मला झोप लागेना. जेवण जाईना. शेवटी एका वकिलाकडनं सगळं लिहून घेतलं, मी जयवंती, ही सुनंदा, दोघींच्या तारखा उलट्या, मी लहानपणी खोटं बोलले, लग्नाच्या वेळी पण खोटं बोलले, सगळं, आणि खाली सही केली. माझ्या खऱ्या नावाची सही मला येत नव्हती ताई, कधी केलीच नव्हती, चार कागद खराब झाले. ते घेऊन मी मोखाड्याला उतरले, जीपनं पुढं गेले, आता रस्ता झालाय त्यांच्याकडं. ती अंगणात नागली झोडत होती. मला बघून काठी खाली ठेवली, पाणी आणून दिलं. मी कागद तिच्या हातात दिला.

ती उभ्या उभ्या वाचत होती, ओठ हलवत नाय, घाई करत नाय, आणि माझ्या तवा लक्षात आलं का मी तिला वाचताना पहिल्यांदाच बघतेय. दोनदा वाचला तिनं. मंग ओट्यावर बसली, मला पण बस बोलली, आणि एकदम सरळ आवाजात, रागं न भरता, बोलली, आता ह्याचं मी काय करू? जागा भरली. तुझी नोकरी जाईल तेवढंच. ती जाऊन माझी शाळा येत नाय, माझं बाळ येत नाय. पोरांच्या सगळ्या कागदांवर आईचं नाव जयवंती आहे, पोरीचा जातीचा दाखला आत्ता कुठं निघालाय. हे दिलं तर परत चौकशा, परत खेटे, ते कोण घालणार, तू?

मी रडायला लागले. मी बोलले, मंग मी काय करू सांग, तू बोलशील ते करते. तिनं मला रडू दिलं. मंग बोलली, पहिलं खोटं तू भुकेनं बोललीस, ते मी कधीच सोडलं, मी पण बोलले असते. पण त्या दिवशी ओट्यावर तुझं पोट भरलेलं होतं.

मी तोंड पुसलं.

ती बोलली, सही करून तुला मोकळं व्हायचंय ना. नको होऊ मोकळी. मला गरज होती तवा नाय केलीस, आता तुला गरज आहे म्हणून नको करू. आणि कागदाची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली, आणि आत गेली भाकर टाकायला. मी जेवले तिच्याकडं. जेवले कशी ते विचारू नका, भाकर, आंबाडीची भाजी, तिनं वाढलं आणि मी जेवले. पोरं शाळेतनं आली, मोठी मावशी आली म्हणून नाचली, कागदावर मी धाकटी आहे पण पोरांना खरं माहीत आहे, तिनं सांगितलेलं. पोरगी उंच झालीय, आमच्या बावर गेलीय. तिनं मला विचारलं, मावशी, मला शिकवशील का बॉल? मी धाकटीकडं बघितलं. ती चुलीत बघत बोलली, शिकव, पण हिच्या वयाच्या पोरींशी खेळव.

तो कागद माझ्या बॅगेत आहे, बुटांच्या कप्प्यात. ती नको बोलली म्हणून मी तो दिला नाय, का मला द्यायचाच नव्हता आणि तिच्या नको बोलण्याचा आधार मिळाला, हे मला ठरवता येत नाय, मी रोज ठरवते आणि रोज पालटतं. एवढं साल खेळीन, मंग गुडघे बोलतील बस. सुट्टीच्या दिवशी मोखाड्याला जाते, त्यांच्या शाळेमागं रिंग बांधलीय, बोर्डासकट बांधलीय, दहा-बारा पोरी येतात. कुणाची उंची बघून मी कधी बोलत नाय का देवानं घडवलीय. बाजूला घेऊन तिलाच विचारते, खरी किती वर्षांची गं, मला सांग, मी कुणाला बोलणार नाय, पण मला खरं सांग.

खेळाला दोष देऊ नका ताई, खेळ चांगला आहे, तुमच्या घरच्या पोरी असतील त्यांना खेळू द्या. माझ्या धाकटीला बरं राहू दे, तिच्या पोरांना बरं राहू दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे. हे छापायचं का नाय ते मी तिलाच विचारलं, काल, फोनवर. मला वाटलं ती रागं भरंल. ती हसली, कितीतरी वर्षांनी ऐकलं तिचं हसणं, आणि बोलली, छापू दे गं बाय, नावं तेवढी बदलायला सांग, आपल्याला काय, सवय आहे.